पानफुटीची दोन पानं

भाजीची प्लास्टिकची पिशवी मी अजूनही बाहेर ओट्यावर बसूनच उघडतो. स्वयंपाकघरात ती चुरचुरली की माझे कान आपोआप कोपऱ्याकडे जातात. त्या कोपऱ्यात आता गव्हाची कोठी आहे. आधी तिथं पिंजरा होता. पिशवीचा आवाज झाला रे झाला की त्यातून शिटी वाजायची, बारीक, वर वर चढत जाणारी. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अवो, तुमचं गिऱ्हाईक बोंबलून राहिलं. द्या त्याले आधी, मग चपला काढा."

तो गिनी पिग होता. नर, अंगावर पांढरे आणि बदामी पट्टे. लेक अकरावीत असताना दोन दिवस रुसून बसली आणि नागपूरहून त्याला बुटाच्या खोक्यात घालून घेऊन आली. पांढुर्ण्यात तेव्हा असलं जनावर कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. शेजारणी त्याला उंदीर म्हणायच्या. आमच्या शाळेतल्या शिक्षकांना 'पिग' एवढाच शब्द सापडला, आणि मग रोज, "काय सर, डुक्कर कसं आहे?" लेकीनं त्याचं छान नाव ठेवलं होतं. मी ते कधी घेतलं नाही. लाज वाटायची. मी त्याला "काय बे" म्हणायचो, आणि तो त्यालाच ओ द्यायचा.

मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात बोलावं लागतं तेवढं बोलतो, बाकी फारसं नाही. ही जी गोष्ट आहे ती मी चार वर्षं कुणाशीच बोललो नाही.

बारावीनंतर लेक इंदूरला इंजिनिअरिंगला गेली. होस्टेलात जनावर चालत नव्हतं. निघताना तिनं फ्रिजवर एक कागद चिकटवला. वाळलेलं गवत भरपूर. ढोबळी मिरचीचा तुकडा. संत्र्याची एखादी फोड. पालक, मेथी कधीतरी. आणि शेवटी लाल पेनानं: लसूणघास अजिबात नाही. लसूणघास म्हणजे दूधवाले गाई-म्हशींना घालतात तो हिरवा चारा. त्यात चुना जास्त असतो, मोठ्या झालेल्या गिनी पिगला तो बाधतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

"बाबा, तुमच्या भरवशावर ठेवून चालले," ती म्हणाली.

"हौ. जाय तू," मी म्हणालो.

ती गेल्यावर घर एकदम रिकामं झालं. संध्याकाळी वह्या तपासायला बसलो की मी त्याला मांडीवर घ्यायचो. तो वह्यांचे कोपरे कुरतडायचा. पोरांनी विचारलं तर मी सांगायचो, उंदरानं खाल्लं. आमच्या दूधवाल्याकडे लसूणघास होती. एकदा गंमत म्हणून चार काड्या आणल्या. तो ज्या तऱ्हेनं त्यांच्यावर तुटून पडला, ते पाहून मला इतकं बरं वाटलं की मी रोजच आणायला लागलो. फ्रिजवरचा कागद समोर असायचा. मी त्याच्यासमोरूनच घास घेऊन जायचो. त्यात आमच्याकडचं पाणी असं की भगुण्याला आतून पांढरा थर बसतो. तेही त्याला तसंच, न गाळता.

श्रावणात तो लघवी करताना ओरडायला लागला. ती शिटी नव्हती. बारीक 'च्यूं' असा आवाज, दात दुखणाऱ्या माणसाच्या तोंडून निघावा तसा. पाठ वर काढून गोळा होऊन बसायचा. पिंजऱ्यातल्या पेपरवर गुलाबी डाग दिसले. मी आठ दिवस पेपर बदलत राहिलो. डाग असलेला पेपर घडी करून खाली, कोरा वर. मग एका रविवारी लेकीनं व्हिडिओवर त्याला पाहिलं आणि ती किंचाळलीच.

नागपूरचा डॉक्टर तिनंच शोधला. असल्या लहान जनावरांवर उपचार करणारा. मी रेल्वेनं त्याला घेऊन गेलो. एक्स-रेत पोटाच्या खालच्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढराशुभ्र ठिपका होता. मुतखडा.

डॉक्टर तरुण होता, आमच्याच भागातला. म्हणाला, "काका, नर आहे. याची वाट अरुंद असते, खडा आपोआप पडणार नाही. वाटेत अडकला तर लघवी बंद होईल, मग आपल्या हातात काही राहत नाही. ऑपरेशन करू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला या. त्या दिवशी शहरात मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी असते, लवकर निघा."

दुखणं कमी व्हावं म्हणून एक पातळ औषध दिलं, सुई नसलेल्या सिरिंजनं तोंडात सोडायचं. मग मी उठता उठता तो म्हणाला, "आणि एक. आपल्याकडे खडा म्हटला की लोक पानफुटी देतात. याला देऊ नका. या जिवांच्या हृदयाला विष आहे ते. मागं एक ससा असाच गेला माझ्याकडे आणता आणता."

"नाही देणार," मी म्हणालो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मला सांगितलं होतं, आणि ते मला समजलंही होतं.

त्या संध्याकाळी मी फोनवर लेकीला म्हणालो, "भूल देणं म्हणजे जोखीम असते बेटा. एवढासा जीव."

"बाबा, ऑपरेशनच करायचं. मी सांगते म्हणून करा. काही झालं तर जबाबदारी माझी."

पोळ्याला आम्ही दरवर्षी सौंसरला जातो. तिथं माझी सासुरवाडी. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, जाम नदीच्या दोन काठांवरून दगडफेक. आमची गल्ली नदीच्या अंगाला, पोलिसांचा बंदोबस्त, रस्ते अडवलेले. त्यापेक्षा आदल्या दिवशीच निघालेलं बरं. म्हटलं, सौंसरला मुक्काम करू आणि सकाळी तिथूनच सातच्या गाडीनं नागपूर. वेताची टोपली मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो होतो. खड्डा आला की आतून 'च्यूं' यायचं. शेजारचा माणूस दोनदा वाकून पाहून गेला.

सकाळी साडेसहाला मी आंघोळ करून तयार होतो. टोपलीत टॉवेल घातला, सिरिंज खिशात ठेवली. मेहुण्यानं चहा आणला, म्हणून बसलो. तेवढ्यात गल्लीतले दोघं-तिघं आले. दुपारी लहान पोरांचा तान्हा पोळा होता. पोरं लाकडाचे बैल सजवून आणतात आणि कुणीतरी मोठा माणूस त्यांचे नंबर काढतो.

"गुरुजी, यंदा नंबर तुम्हीच काढा जी. मागच्या वर्षी ज्यानं काढले त्यानं आपल्या भाच्यालेच पहिला देऊन टाकला. गल्लीत अजून बोलचाल बंद आहे."

"मला नागपूरला जायचं होतं," मी म्हणालो.

"आज? कायले?"

मी टोपलीकडे पाहिलं. मेहुण्याला हसू आवरेना. "जवाईबापू उंदराच्या ऑपरेशनले चालले."

"अरे बाप्पा! मग भूल कशानं देते जी त्याले? अत्तराचा फाया हुंगवते का?"

"ऑपरेशन झाल्यावर उशाशी कोणी लागन न. जवाईबापू डबा घेऊन बसतीन."

"पाहाले येणाऱ्यायनं काय आणाव? केळं का पनीर?"

सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, सणाच्या सकाळी माणसं हसतात तशी हसत होती. मीही हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. आणि म्हणालो, "नाही हो, पोरीचं आहे आपलं काहीतरी खूळ. आज नाही जात. उद्या पाहू."

सातची गाडी गेली ती अशी. कुणी अडवलं नव्हतं. सुट्टी होती, डॉक्टर वाट पाहत होता, स्टँड चालत दहा मिनिटांवर. मला फक्त एवढंच करायचं होतं, की त्या तीन माणसांसमोरून टोपली उचलून निघायचं.

माझ्या सासूबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. माणसं गेल्यावर त्या टोपलीजवळ बसल्या. तो गोळा होऊन बसला होता. त्यांनी बोटानं त्याचं कपाळ चोळलं. "किती कन्हून राहिला बिचारा," म्हणाल्या. उठून परसात गेल्या आणि नळाजवळच्या कुंडीतली दोन पानं तोडून आणली. जाड, कडेला खाचा असलेली. पानफुटी.

"रामाकोना गावच्या माह्या दिराचा खडा याच्यानंच पडला. आठ दिवसांत. जीव तर तोच आहे न जी. अनशापोटी द्या."

मी पानं घेतली. डॉक्टरचं बोलणं मला आठवत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही. शब्दन् शब्द आठवत होता. पण त्या वेळी मनात जे आलं ते असं, की समजा पडला खडा. मग नागपूरला जायचं कामच उरत नाही. डॉक्टर खोटा, लेकीचा हट्ट खोटा, आणि मी सणाच्या दिवशी घरी थांबलो ते बरोबर. वर्गात मी पोरांना सांगतो, पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका. मी खलबत्त्यात ती पानं कुटली, फडक्यातून पिळली आणि हिरवा रस त्याच सिरिंजमध्ये ओढला.

सिरिंज पाहून तो पुढं आला. दुखण्याचं औषध देऊन झालं की मी त्याच सिरिंजनं त्याला मोसंबीचा रस द्यायचो, त्याला वाटलं तेच आहे. एवढं दुखत असताना त्यानं छोटी शिटीसुद्धा वाजवली. पहिला घोट त्यानं घेतला. दुसऱ्याला तोंड फिरवलं. मी मान धरून तो घातला.

दहाच्या सुमाराला त्याची हनुवटी ओली झाली. लाळ गळत होती. मागचे पाय घसरायला लागले, उभं राहायला गेला की एका बाजूला कलायचा. मी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि मांडीवर घेऊन बसलो. बायको आली. तिनं एकदा पाहिलं.

"काय दिलं?"

मी सांगितलं.

"चला. अकराची गाडी भेटते. मी पण येतो. डॉक्टरले फोन करा आधी."

"पाहू थोडं," मी म्हणालो.

डॉक्टरला फोन केला असता तर पहिला प्रश्न त्यानं काय विचारला असता, ते मला ठाऊक होतं. म्हणून केला नाही. एवढंच कारण आहे. दुसरं शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

अकराला फोन वाजला. लेक.

"बाबा, घेतलं का त्याला आत?"

माझा डावा हात त्याच्या छातीवर होता. काळीज जोरात धडधडायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा धडधडायचं. तो हात तसाच ठेवून मी म्हणालो, "घेतलं."

"किती वेळ लागेल म्हणाले?"

"तास-दीड तास."

"तुम्ही तिथंच थांबा हं. उठला की मला दाखवा."

"हौ."

बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पदर खोचून स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटतं, त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही पुन्हा.

एक वाजायच्या आधी तो गेला. शेवटी एकदा चारही पाय ताणले, जसा झोपेतून उठल्यावर ताणायचा. मेहुण्यानं परसात लिंबाच्या झाडाजवळ खड्डा केला. तेव्हा तोही हसला नाही. "भाऊजी, मी उगाच बोललो सकाळी," म्हणाला. मी म्हणालो, "तुझं काय त्यात."

लेकीला मी सांगितलं, "भूल दिली ती उतरलीच नाही. उठला नाही."

मग ती म्हणाली, "मीच म्हटलं होतं करा म्हणून. तुम्ही नको म्हणत होते."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तू काय करशील त्याले. जाऊ दे."

आणि चार वाजता मी तान्ह्या पोळ्याचे नंबर काढले. नवा सदरा घालून, कपाळाला गुलाल लावून. चाळीसेक पोरं लाकडी बैलांच्या दोऱ्या धरून ओळीनं उभी होती. कुणाच्या बैलाला आरशाची झूल, कुणाच्या गळ्यात चॉकलेटांची माळ. शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मुक्या जनावरांवर दया करावी यावर बोललो. टाळ्या पडल्या. माझ्या नखांत अजून हिरवं होतं.

पानफुटीनं गेला की खड्यानं गेला, हे मला माहीत नाही. खडा सरकून अडकला असेल, तसंही होऊ शकतं. रात्रंदिवस मी हाच हिशेब मांडत असे, आणि दर वेळी तो अकराच्या फोनपाशी येऊन थांबायचा. खड्यानं जरी गेला असला तरी अकरा वाजता त्याला घेऊन मला निघता येत होतं.

शाळेत मी तीच गोष्ट सांगितली. ऑपरेशनमध्ये गेला. "म्हटलं होतं न सर, असल्या जनावराचं कुठं ऑपरेशन करतात," एक जण म्हणाला. घरी पिंजरा माळ्यावर गेला. फ्रिजवरचा कागद बायकोनं काढला की मी, आठवत नाही. पण तो गेल्यावरही काही दिवस मी वह्या तपासायला बसलो की मांडी जुळवून, मध्ये जागा ठेवून बसायचो. एकदा बायकोनं ते पाहिलं आणि दिवा लावायच्या निमित्तानं निघून गेली. कधीकधी दुपारी एकटा असताना कोठीच्या मागून ते 'च्यूं' ऐकू येतं. उंदीर असेल. घरात खरे उंदीर आहेतच.

लेकीनं पुन्हा काही पाळलं नाही. ते चालण्यासारखं होतं. पण तिचं एक वेगळंच झालं. जी पोरगी दोन दिवस रुसून हवं ते घेऊन यायची, ती काहीही ठरवताना थांबायला लागली. नोकरी इंदूरची घ्यावी की पुण्याची? "तुम्ही सांगा बाबा." दात काढायचा की ठेवायचा? "तुम्ही सांगा." दर पोळ्याला तिचा फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलायची आणि शेवटी म्हणायची, "बाबा, मी थांबले असते तर तो अजून दोन वर्षं जगला असता न?" मी म्हणायचो, "जाऊ दे बेटा." चार पोळे असे गेले.

मागच्या हिवाळ्यात बायकोच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडे, बरगडीखाली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. नागपूरच्या सर्जननं सांगितलं, पित्ताशय काढून टाका, साधं ऑपरेशन आहे. लेक तेव्हा पुण्याला नोकरीला. तिनं ऐकलं आणि ठाम नाही म्हणाली. भूल नको. आधी पथ्य करून पाहू. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तारीख मिळाली, तिनं पुढं ढकलली. पुन्हा मिळाली, पुन्हा ढकलली. फोनवर रडायची. "आई, मागं मी घाई केली होती. आता नाही करणार."

तिसऱ्यांदा कळा आल्या तेव्हा बायको पलंगाची पाटी धरून वाकली होती. घाम पुसून मी औषध दिलं. जरा थांबल्यावर ती म्हणाली, "पोरगी माह्यापायी नाही भिऊन राहिली."

मी औषधाच्या बाटलीला झाकण लावत होतो.

"तुमच्यापायी भिऊन राहिली ते. सांगा तिले आज. मी मरायची वाट नका पाहू."

दुपारची वेळ होती. मी फोन लावला, आणि जे इथं लिहिलं ते सगळं सांगितलं. लसूणघासीपासून. मध्ये कुठं थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही अशी भीती होती, म्हणून वर्गात पाठ वाचावा तसं एका सुरात सांगत गेलो. तिनं मध्ये काही विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "मी अकराला फोन केला होता. तेव्हा तो जिवंत होता?"

"होता."

"कुठं होता?"

"माझ्या मांडीवर."

"शुद्धीत?"

"हौ."

"माझा आवाज ऐकला त्यानं?"

हे मी कधी मनात आणलं नव्हतं. फोन कानाला होता, पण तिचा आवाज मोठा, नेहमी बाहेर ऐकू येणारा. तेव्हा त्याचा कान हलला होता. मला ते लख्ख आठवलं, आणि मी तेही सांगितलं.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"तुझ्या आईला. आजीला. मामाला."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना."

"हौ," मी म्हणालो.

"आईला द्या फोन."

मी फोन बायकोच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतून बायकोचं बोलणं येत होतं. "हौ... हौ, माहीत होतं मले... मी पण नाही सांगितलं, माहीच चूक आहे तेवढी... नको रडू माय." मग, "बुधवारी? चालते. तू म्हणशील तसं." तारीख लेकीनं त्याच फोनवर ठरवली. मला विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. ती आठ दिवस रजा टाकून आली होती. कागदांवर सह्या तिनं केल्या, डॉक्टरांशी ती बोलली, कधी काय द्यायचं ते तिनं ठरवलं. माझ्याशी वाईट वागली नाही. चहा करायची तेव्हा माझ्या कपात साखर कमी घालायची, मला लागते तशी. पण खोलीत मी आलो की तिचं बोलणं संपलेलं असायचं. जायच्या दिवशी मी तिची बॅग स्टेशनपर्यंत नेली. गाडी यायला वेळ होता. मी म्हणालो, "बेटा." ती म्हणाली, "आत्ता नको बाबा."

यंदा पोळ्याला आम्ही सौंसरला गेलो नाही. मी फोन सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडत होतो. सकाळ गेली, दुपार गेली. बायकोला तिचा मेसेज आला होता, सणाचा, दोन ओळींचा. मला फोन आला नाही. चार वर्षं जे ती विचारायची ते आता तिला विचारायचं नव्हतं.

"बरं झालं," बायको म्हणाली. "सुटली पोरगी."

"हौ," मी म्हणालो. "बरं झालं."